पदक काढून घेतल्यावर उरतो तो बाप

('दृश्यम', 'दंगल', 'फँड्री' अजून पाहायचे राहिले असतील तर आधी पाहून या. पुढे शेवटासकट सगळं सांगितलेलं आहे.)

कथेतला सगळ्यात चांगला बाप कोण, हा विषय आमच्या हिंजवडीच्या फ्लॅटवर निघाला की पहिलं नाव ठरलेलं असतं. विजय साळगावकर. गोव्यातला चौथी नापास केबलवाला. मुलीच्या हातून खून होतो आणि हा माणूस सिनेमे बघून कमावलेल्या अकलेवर अख्ख्या पोलीस खात्याला फिरवतो. निशिकांत कामतचा 'दृश्यम' २०१५ साली आला, तरी 'बाप असावा तर असा' हे वाक्य अजून हमखास पडतं. मग कुणीतरी 'दंगल'चं नाव काढतं, कुणी 'नटसम्राट'चं, आणि पिठलं-भात गार होईपर्यंत वाद चालतो.

वाद ऐकताना एक गोष्ट जाणवते. प्रत्येकाच्या हातात वेगळी मोजपट्टी आहे आणि ती कुठली, हे कुणीच सांगत नाही. एकाला वाचवणारा बाप हवा असतो, दुसऱ्याला घडवणारा, तिसऱ्याला सगळं देऊन टाकणारा. आम्ही सगळे सॉफ्टवेअरवाले. टेस्ट न करता 'चालतंय की' म्हणणाऱ्याला आम्ही ऑफिसात सोलून काढतो. बापाच्या बाबतीत मात्र सगळा कारभार अंदाजपंचे.

तर या लेखात मी त्या मोजपट्ट्या एकेक करून तपासणार आहे.

खोटे बाप कशाला?

कारण खऱ्यांबद्दल बोलता येत नाही. मी नांदेड जिल्ह्यातला. अकरावी-बारावी लातूरला, इंजिनिअरिंग परत नांदेडला. आमच्याकडे बऱ्याच घरांत वडिलांना दादा, अण्णा नाहीतर भाऊ म्हणतात. एकत्र कुटुंबात काका-आत्या ज्या नावाने हाक मारतात तेच नाव पोरं उचलतात. गंमत अशी की बापाला भाऊ म्हणायचं आणि तो घरात आला की बाजेवरून उठून उभं राहायचं. त्याच्याशी बोलायचं ते आईमार्फत. 'भाऊंना म्हणावं, फी भरायची तारीख जवळ आलीय.' भाऊ शेजारच्याच खोलीत असतात आणि त्यांना ऐकूही जात असतं, तरी निरोप आईनेच पोचवायचा.

अशा घरात वाढलेला माणूस आपल्या बापाचं मूल्यमापन करू शकत नाही. त्याला तो आगाऊपणा वाटतो, थोडंसं पापही वाटतं. सिनेमातला, नाटकातला बाप मात्र आपल्या घरात जेवायला येणार नसतो. त्याच्याबद्दल तोंड उघडता येतं. आपल्या बापाबद्दलचे कितीतरी प्रश्न आपण त्याच्या आडून विचारून घेतो.

आणि आमच्या पट्ट्यात हा प्रश्न नुसत्या गप्पांचा नाही. लातूर पॅटर्न हे नाव पडलं ते बोर्डाच्या गुणवत्ता यादीत लातूरची पोरं रांगेने येऊ लागली तेव्हा. आता यादीची जागा नीट आणि जेईईने घेतली आहे. लातूरच्या ट्यूशन एरियातून किंवा नांदेडच्या श्यामनगर-भाग्यनगर भागातून निकालानंतर एक फेरी मारा. चौकाचौकात फ्लेक्स, त्यावर पोरांचे फोटो आणि खाली मार्क. त्या फ्लेक्सखाली दुसऱ्या गावाहून आलेला एखादा बाप पिशवी घेऊन उभा असतो. त्याचं पोर अजून अकरावीत असतं. कुणी ठेवलेलं सोयाबीन विकून फी भरलेली असते, कुणी वावर गहाण टाकलेलं असतं, कुणी रोज एसटीने डबा पाठवत असतं. आपण चांगला बाप आहोत की नाही, हे त्यांना निकालाच्या दिवशी कळणार असतं. म्हणजे एका माणसाच्या चांगुलपणाची परीक्षा दुसराच देत असतो, तीही वयाच्या सतराव्या वर्षी, ओएमआर शीटवर. दर निकालाच्या आठवड्यात एखादी बातमी अशी येते की पेपर पालथा घालून ठेवावासा वाटतो. त्या बातमीतलं पोर बहुतेक वेळा वाईट बापाचं नसतं. चांगल्या म्हणवल्या जाणाऱ्या बापाचंच असतं.

म्हणून मोजपट्टी तपासणं गरजेचं आहे.

पहिली मोजपट्टी: देणारा बाप

वि. वा. शिरवाडकरांचं 'नटसम्राट' १९७० साली रंगभूमीवर आलं. डॉ. श्रीराम लागूंनी पहिला गणपतराव बेलवलकर उभा केला आणि २०१६ च्या सिनेमात नाना पाटेकरांनी तो आमच्या पिढीपर्यंत आणला. निवृत्त नट आपली सगळी मिळकत मुलगा आणि मुलीला वाटून टाकतो, मग दोन्ही घरांतून त्याला अपमान सोसून बाहेर पडावं लागतं. मागे शेक्सपिअरच्या 'किंग लिअर'ची छाया आहे. लिअर निदान मुलींना आधी विचारतो, तुमचं माझ्यावर किती प्रेम आहे. बेलवलकर विचारतही नाही. देऊन मोकळा होतो.

देण्याच्या मापाने बघितलं तर याच्याइतका मोठा बाप नाही, आणि पन्नासहून अधिक वर्षं मराठी प्रेक्षक त्याच्यासाठी रडतो आहे. मीही रडलो. पण डोळे पुसल्यावर एक साधा प्रश्न विचारून बघा. बेलवलकर बाप म्हणून कसा होता? तो नट म्हणून केवढा होता, हे आपल्याला कळतं. बायकोवर त्याचा किती जीव होता तेही कळतं. मुलं कशी निघाली हे तर फारच कळतं. पण ती मुलं लहान असताना हा माणूस त्यांच्याशी काय बोलायचा? मुलीला कशाची भीती वाटायची, मुलाला काय व्हायचं होतं, हे त्याला ठाऊक होतं का? त्या थोर स्वगतांच्या गजरात हे कुठे ऐकू येत नाही. मुलं कृतघ्न निघाली, एवढ्यावरून बाप चांगला ठरवणं हा आपला हिशेबातला घोटाळा आहे. मुलांच्या वागण्याचं समर्थन मी करत नाही. बापावर चोरीचा आळ घेणाऱ्या मुलीचं कुणीच करू नये. एवढंच म्हणतो की सर्वस्व देणं आणि मुलांना ओळखणं, ही दोन वेगळी कामं आहेत.

आणि शेवटी या माणसाला आधार कोण देतं? राजा नावाचा बूटपॉलिशवाला पोरगा. त्याला बेलवलकरने दमडी दिलेली नसते. दोघांत कुठलाही हिशेब नसतो, म्हणूनच तिथे माया उगवते. शिरवाडकरांनी हे उत्तर नाटकातच ठेवलंय, आपलं लक्ष मात्र मुलांना शिव्या देण्यात गुंतलेलं असतं.

आमच्याकडे याचा एक शेतकी अवतार आहे. 'तुझ्यासाठी वावर विकलं.' वाक्य खरं असतं, म्हणून जास्त जड असतं. माझ्या बॅचमधल्या कित्येकांच्या डोक्यावर ते सातबाऱ्यावरच्या बोज्यासारखं चढलेलं आहे. बँकेचा बोजा कर्ज फिटलं की उतरतो, तलाठ्याकडे जाऊन नोंद कमी करता येते. या बोज्याला फेड नाही. पहिला पगार दिला तरी उतरत नाही, फ्लॅट घेतला तरी नाही. दिलेल्या गोष्टीची अशी नोंद राहिली की तिला देणं म्हणत नाहीत. तो व्यवहार होतो, फक्त कागद केलेला नसतो.

दुसरी मोजपट्टी: घडवणारा बाप

इथे 'दंगल'. मी बोलतोय ते पडद्यावरच्या महावीरबद्दल, खऱ्या माणसाबद्दल नाही. मुलींचे केस कापणारा, पहाटे पळायला लावणारा, त्यांना काय हवंय ते न विचारणारा बाप. सिनेमा शेवटी आपल्याला २०१० च्या राष्ट्रकुल स्पर्धेतलं सुवर्णपदक दाखवतो आणि आपण म्हणतो, बघा, बाप बरोबर होता.

आता ते पदक काढून घ्या. गीता अंतिम फेरीत हरली असं समजा. किंवा तिच्या गुडघ्याला अठराव्या वर्षी दुखापत झाली आणि कुस्ती सुटली. बापाने केलेली एकही गोष्ट बदललेली नाही. तेच केस, तीच पहाट, तीच माती. तरी तुम्ही त्याला चांगला बाप म्हणाल का? उत्तर बदलत असेल, तर तुम्ही बापाला मोजलंच नव्हतं, पदकाला मोजलं होतं.

बर्नार्ड विल्यम्स आणि थॉमस नेगेल या तत्त्वज्ञांनी १९७६ मध्ये या अडचणीवर लिहिलं. तिला नैतिक नशीब म्हणता येईल. नेगेलच्या एका उदाहरणात ट्रकचा ब्रेक तपासायचा राहून गेलेला चालक आहे. त्याच्यासमोर पोर आलं तर तो आयुष्यभर गुन्हेगार, नाही आलं तर नुसता थोडा निष्काळजी. चूक तेवढीच, निकाल वेगळा. महेश मांजरेकरांच्या 'शिक्षणाच्या आईचा घो' (२०१०) या सिनेमात नेमका हाच खटका आहे. मधुकर राणे या साध्या नोकरदाराला पोराचे मार्क हवे आहेत, पोराला क्रिकेट हवं आहे. राणे एकदा हात उगारतो, पोराच्या डोक्याला लागतं आणि पोर कोमात जातं. त्यानंतर राणेला आपण काय करत होतो ते दिसायला लागतं. सिनेमा बघून बाहेर पडणाऱ्या बापांना वाटतं, मी काही राणे नाही. खरंय, त्यांच्या घरात पोर भिंतीवर आपटलं नाही, गालावर बोटं उठली आणि विषय संपला. पण हात तोच होता. नशिबाने सोडलेल्या बापाला आपण चांगला बाप म्हणतो, हा आपल्या समाजाचा मोठा आळस आहे.

'दंगल'वर अन्याय नको म्हणून दोन गोष्टी सांगतो. एक, त्याच सिनेमात लहान वयात लग्न लागणारी एक मैत्रीण आहे. ती या बहिणींना सांगते की तुमचा बाप निदान तुम्हाला आपली लेकरं समजतो, तुमच्या आयुष्याचा विचार तरी करतो. ही दाद खोटी नाही. आमच्या तालुक्यात दहावीनंतर शाळा सुटलेल्या मुलींना विचारा. दोन, सिनेमाने शेवटी कल्पनेने एक गोष्ट घातली आहे: अंतिम सामन्याच्या वेळी बापाला एका खोलीत कोंडलेलं असतं. गीता प्रेक्षकांत त्याला शोधते, तो दिसत नाही, आणि मग ती स्वतःच्या डोक्याने लढते. मला वाटतं, अख्ख्या सिनेमातला सर्वांत चांगल्या बापपणाचा क्षण तो आहे. बाप तिथे नाही आणि पोरीचं अडत नाही.

तिसरी मोजपट्टी: वाचवणारा बाप

परत विजय साळगावकरकडे. तो कुटुंबाला वाचवतो हे मान्य. मोठ्या मुलीचा चोरून व्हिडिओ काढणाऱ्या पोराबद्दल मलाही सहानुभूती नाही. पण वाचवण्याची पद्धत बघा. दोन आणि तीन ऑक्टोबरला आपण कुठे होतो याची एक गोष्ट रचली जाते आणि घरातल्या सगळ्यांना ती पाठ करावी लागते. धाकटी अनू शाळकरी पोर आहे. पोलिसांच्या मारासमोर तिला ती गोष्ट टिकवायची आहे. बापाचा प्लॅन किती भक्कम आहे याची खरी चाचणी त्या पोरीच्या अंगावर होते. दुसऱ्या भागात (२०२२) मोठी अंजू फिट्स आणि भीतीच्या झटक्यांसह जगताना दिसते. म्हणजे बापाने प्रेत पोलीस ठाण्याच्या फरशीखाली पुरलं खरं, पण त्याचं ओझं पोरींच्या अंगात राहिलं. सिनेमानेच हे दाखवलंय. आपण मात्र शेवटच्या ट्विस्टला टाळ्या वाजवून मोकळे होतो.

याच्या शेजारी मला 'श्वास' (२००४) ठेवावासा वाटतो. तिथे बाप नाही, आजोबा आहेत, पण बापाचंच काम करतात. कोकणातून आलेला सात-आठ वर्षांचा परशुराम, डोळ्यांचा कॅन्सर. जीव वाचवायचा तर डोळे काढावे लागणार. इथेही वाचवायचंच आहे. पण सिनेमा ज्या प्रश्नावर उभा आहे तो ऑपरेशनचा नाही. या पोराला सांगायचं कसं, हा आहे. डॉक्टरचं म्हणणं असतं की पोराला कळल्याशिवाय त्याचे डोळे काढायचे नाहीत. आजोबांच्या तोंडून शब्द फुटत नाही. शेवटी ऑपरेशनआधी ते नातवाला दवाखान्यातून गुपचूप बाहेर काढतात आणि शहर दाखवून आणतात, बघून घे म्हणून. संकट टाळण्याची ताकद त्या म्हाताऱ्यात नाही. ते अंधार थांबवू शकत नाहीत, पण तो पोराला कळू देतात आणि त्या कळण्यात सोबत राहतात. विजय ताकदवान आहे, आजोबा हतबल आहेत. तरीही ज्याचं आयुष्य, त्याला ते माहीत असलं पाहिजे, हा मान फक्त एका घरात पोराला मिळतो.

चौथी मोजपट्टी: प्रेमळ बाप

आत्तापर्यंतचं वाचून तुम्ही म्हणाल, सरळ सांग ना, न मारणारा, समजावून सांगणारा, मित्रासारखा बाप चांगला. इंग्रजी पुस्तकांत त्याचं नाव ॲटिकस फिंच. हार्पर लीच्या १९६० च्या 'टू किल अ मॉकिंगबर्ड'मधला वकील, खोट्या आरोपात अडकलेल्या कृष्णवर्णीय माणसाचा खटला लढणारा. मुलांना खरं उत्तर देणारा, त्यांना वाचून दाखवणारा. अमेरिकन फिल्म इन्स्टिट्यूटने २००३ मध्ये सिनेमातल्या नायकांची यादी केली तेव्हा पहिला नंबर याचा होता.

मला ॲटिकस आवडतो. पण त्याच्याकडे काय काय आहे तेही बघा. स्वतःचं घर, वकिलीची पदवी, गावात मान आणि स्वयंपाकपाणी, पोरांचं सगळं बघणारी कॅल्पर्निया. संध्याकाळी पोरीला मांडीवर घेऊन वाचायला वेळ लागतो, आणि वेळेला पैसा लागतो. समजावून सांगायला गावाने तुम्हाला तोंड वर करून बोलू द्यावं लागतं. गावाने ज्याला हे काहीच दिलं नाही, त्याचं काय?

तो बाप नागराज मंजुळेंच्या 'फँड्री'त (२०१३) आहे. कचरू माने. किशोर कदमने केलेला. गावात घुसलेलं डुक्कर पकडायचं काम याच्याकडेच येतं, कारण जात कैकाडी. पोरीचं लग्न तोंडावर, पैसा नाही. जब्या, त्याचा पोरगा, जिच्यावर जीव टाकतो ती शालू आणि वर्गातली सगळी पोरं बघत असताना बाप त्याला डुक्कर धरायला ओढतो, मारतो. प्रेमळपणाच्या पट्टीवर कचरूला शून्य मार्क. पण त्याच प्रसंगात शाळेतलं राष्ट्रगीत सुरू होतं तेव्हा हातातोंडाशी आलेलं डुक्कर निसटत असतानाही हे कुटुंब ताठ उभं राहतं. या देशाचा मान ठेवायला कचरू चुकत नाही. देशाने त्याच्या पोरासमोर त्याचा मान ठेवलेला नाही.

मग कचरू वाईट बाप का? उत्तर देण्याआधी आणखी एका बापाला भेटू. व्हित्तोरिओ द सिकाचा 'बायसिकल थीव्ह्ज' (१९४८). युद्धानंतरचं रोम. अंतोनिओला पोस्टर चिकटवायचं काम मिळालंय, त्याला सायकल लागते, पहिल्याच दिवशी ती चोरीला जाते. बाप आणि छोटा ब्रूनो दिवसभर शहर पालथं घालतात. मध्ये चिडून बाप ब्रूनोला थोबाडीत मारतो. म्हणजे हाही काही ॲटिकस नाही. शेवटी हताश होऊन तो स्वतःच एक सायकल उचलतो. त्याआधी पोराला ट्रामने पुढे जायला सांगतो, कारण पोराने हे बघू नये. ब्रूनोची ट्राम चुकते. तो बघतो. बापाला लोक धरतात, मारतात, टोपी खाली पडते. पोर रडत टोपी उचलतं. त्या पोराकडे बघून सायकलवाला सोडून देतो. मग दोघं गर्दीत चालू लागतात. बाप रडतोय. तो ब्रूनोवर ओरडत नाही, काही सारवासारव करत नाही. पोर त्याचा हात धरतं.

दोन्ही बाप पोरासमोर उघडे पडले. अंतोनिओने तसंच राहू दिलं, कचरूने हात उगारून झाकायचा प्रयत्न केला. मी बराच काळ हा दोन माणसांच्या स्वभावातला फरक समजत होतो. आता वाटतं, फरक जागेचा जास्त आहे. रोममध्ये अंतोनिओ पाच मिनिटांत गर्दीत मिसळतो. उद्या त्याला कुणी ओळखणार नाही. कचरूला उद्या सकाळी त्याच गावात, त्याच हसणाऱ्या तोंडांसमोर उभं राहायचंय, परवाही, आणि मरेपर्यंत. रडायलाही थोडी मोकळी जागा लागते, गाव ती देत नाही. म्हणून मी कचरूला चांगला म्हणू शकत नाही आणि वाईट म्हणायची माझी लायकी नाही. त्याला बाप होऊ दिलं गेलं नाही, एवढंच खात्रीने म्हणता येतं. शेवटी जब्याच्या हातात दगड येतो तेव्हा तो बापाच्या दिशेने जात नाही. सगळ्यांसमोर त्याला ओढणारा बापच होता, तरी जब्याचा नेम हसणाऱ्यांवर आहे, आणि शेवटचा दगड पडद्यातून आपल्यावर येतो. त्या पोराची समज आमच्या फ्लॅटवरच्या सगळ्या वादांपेक्षा मोठी आहे.

मग उरतं काय?

देणं, घडवणं, वाचवणं, लाडाने वागवणं. चारही पट्ट्या मोडल्यावर माझ्या हातात एकच गोष्ट राहते. कथेतला बाप चांगला आहे का, हे बघायचं असेल तर पदक, मिळकत, हुशारी आणि प्रतिष्ठा हे सगळं बाजूला काढा आणि उरलेल्या दोन माणसांकडे बघा. आपण चांगले बाप आहोत याचा पुरावा म्हणून बापाला पोर लागतंय का? लागत नसेल, तर तो पोराला दोन गोष्टी देऊ शकतो. पोराच्या आयुष्याबद्दलचं खरं तो पोराला कळू देतो. आणि स्वतःबद्दलचं खरं, म्हणजे आपली भीती, आपलं न जमणं, हेही दिसू देतो. 'श्वास'च्या आजोबांना पहिलं जमतं. अंतोनिओवर दुसरं ओढवतं, पण ओढवल्यावर तो पाठ फिरवत नाही.

यावर आमच्याकडे उत्तर तयार असतं: बापाने असं मऊ दाखवलं तर पोरं डोक्यावर बसतील. माझा अनुभव वेगळा आहे. लातूरला अकरावीत असताना माझे टेस्टचे मार्क घसरले. वडील नांदेडहून अहमदपूरमार्गे एसटीने आले. मी दिवसभर उत्तरं जुळवत होतो. आम्ही मेसवर जेवलो. ते मार्कांचा कागद उलटसुलट करून बघत होते. म्हणाले, 'मला यातलं काही कळत नाही रे. हे निगेटिव्ह मार्किंग काय असतं, तू सांग.' मी सांगितलं. ते ऐकत होते, मधे शंका विचारत होते. त्यांना माझ्याकडून काही शिकावं लागतंय, हे मी पहिल्यांदा पाहिलं. पुढचे मार्क वाढले की नाही, ते मी इथे सांगणार नाही. सांगितलं तर तुम्ही परत निकालावरून बापाला मोजाल.

हार्पर लीने आधी लिहिलेली, पण २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेली 'गो सेट अ वॉचमन' ही कादंबरी अनेक वाचकांना आवडली नाही. त्यात मोठी झालेली स्काउट गावी परतते आणि तिला कळतं की तिचा ॲटिकस वंशभेद जपणाऱ्यांच्या बैठकीला बसतो. तिच्या पायाखालची जमीन सरकते. तिचं वय २६, म्हणजे साधारण आमचंच. वाचकांना राग आला की आमचा देव तोडला. मला ती कादंबरी दुसऱ्या कारणाने आठवते. ज्या बापाला पोराने एकदाही माणूस म्हणून पाहिलेलं नसतं, तो पडतो तेव्हा फार उंचावरून पडतो, आणि खाली पोरच उभं असतं.

आमच्या बॅचच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर आता बायोडेटा कमी आणि बारशाचे फोटो जास्त यायला लागलेत. थोड्या वर्षांत आमच्यापैकीच कुणीतरी पोराचं बोट धरून ट्यूशन एरियात फीची चौकशी करत उभा असेल, वर फ्लेक्सवर दुसऱ्यांच्या पोरांचे फोटो असतील. तेव्हा विजय साळगावकरएवढी अक्कल आणि महावीरएवढी जिद्द नसली तरी चालेल. फक्त त्या पोराला एवढं माहीत असावं की वरच्या फोटोत तू नसलास तरी घरी जायची एसटी तीच आहे, आणि खिडकीची जागा तुलाच.